अंजनगावचे चार ग्रॅम

६ मे १९५८, मंगळवार, वैशाख पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस. सकाळी साडेसात वाजता मी नांदगाव खंडेश्वरला मोटारीची वाट पाहत उभा होतो. जवळ एकतीस रुपये चाळीस नवे पैसे. हजर: बा, माय, माझी पत्नी शांता आणि तिच्या कडेवर दहा महिन्यांची सुमन. आपलं गाव तिथून अडीच कोस, त्यामुळे सगळेजण उजाडायच्या आत चालायला लागले होते. रक्कम आजही आठवते, कारण बाने ती माझ्याकडून दोनदा मोजून घेतली. नवे पैसे त्याला अजून आपले वाटत नव्हते. चाळीस नवे पैसे म्हणजे किती आणे, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, सहा आणे आणि वर थोडे.

"थोडे म्हनजे किती?" बा म्हणाला. "अकोल्यात असंच सांगशीन तं नोकरी टिकन काय?"

मोटार आली. माय रडली नाही. ती ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली आणि म्हणाली, "बाप्पा, सावकाश चालवजो, पोरगा कई मोटारीत बसला नाई." मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मोटारीत तीनदा बसलो होतो. सगळी मोटार हसली. मी टपावरची वळकटी पाहण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. तेवढ्यात बाचा आवाज आला, "मांगं पाहू नोको. आमी इथंच हाओ, पळून नाई चाललो."

गावच्या विहारात वाचनालय सुरू झालं, आणि बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपली हकीगत लिहून पाठवावी असं ठरलं, म्हणून हे लिहितो आहे. वाचनालयाच्या पत्रात एक सूचना होती, की शेवटी आपल्या आयुष्याचं एक ध्येयवाक्य लिहावं, मुलांना उपयोगी पडेल. माझ्याकडे एक वाक्य आहे. ते मला अंजनगाव आणि मुर्तिजापूर यांच्या मधे, अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीत सापडलं. पण नुसतं वाक्य लिहून पाठवलं तर ते भिंतीवर लागेल आणि कोणी वाचणार नाही. म्हणून ते कसं सापडलं तेही लिहितो.

ज्या मुलांनी दीक्षेनंतरचंच गाव पाहिलं आहे त्यांना आधी एक सांगायला हवं. आमच्या लहानपणी खळ्यावर सगळ्यांचं धान्य पायलीने मोजून जाई. आमच्या घरचा वाटा मात्र मोजला जात नसे. बा गावकीची कामं करी, सरकारी टपाल पोहोचवी, शिवेचा वाद निघाला की हद्दीचा धोंडा दाखवायला उभा राही. त्याबद्दल खळ्यावरून बोलावणं येई. माय लुगड्याचा ओचा पसरून उभी राही आणि वरून सुपाने ज्वारी पडे. किती पडायची ते देणाऱ्याच्या मर्जीवर. मी घरी आल्यावर ती ज्वारी करवंटीने मोजत असे. माय म्हणे, "मोजून वाढते काय रे?" वाढत नसे. पण मोजल्याशिवाय मला चैन पडत नसे. छप्पन साली आपण दीक्षा घेतली आणि बाने ते काम व ते धान्य दोन्ही सोडलं. नंतरची दोन वर्षं आमच्या घरात काय शिजलं ते माझ्याकडे लिहिलेलं आहे, इथे नको.

त्यामुळे अकोल्याला वजनमापाच्या कार्यालयात कारकुनाची जागा मिळाली तेव्हा मला काय वाटलं असेल ते मोठ्या माणसांना कळेल. इतरांना ते काम रुक्ष वाटे. मला वाटे, जगात एक तरी खातं असं आहे की जिथे सुपाने वरून काही पडत नाही.

अकोल्यात पहिल्या महिन्यात मी चार खोल्या पाहिल्या. चारही ठिकाणी आधी भाडं ठरलं, मग आडनाव विचारलं गेलं, आणि आडनाव सांगितल्यावर असं निघालं की ती खोली कालच दुसऱ्या कोणाला दिली आहे. पाचवी मिळाली ती रुळांपलीकडे, आपल्याच लोकांच्या नव्या वस्तीत, पत्र्याची. मे महिन्यात तिच्या पत्र्यावर हात ठेवता येत नसे. आठ महिन्यांनी शांता आणि सुमन आल्या. तरी मला ती खोली घर वाटेना. गावी गेलो की दुसऱ्या दिवशी अकोल्याची आठवण येई, अकोल्यात आलो की संध्याकाळी पाय आपोआप मोटार थांब्याकडे वळत. तिथे नांदगावकडची मोटार लागलेली असे. मी नुसता पाहून परत येई. शांता विचारी, "कोनी येनार होतं काय?" मी नाही म्हणे. "मंग काहून गेले होते?"

मन असं भिरभिरत असे, त्याला धरून ठेवायला एक वाक्य असावं असं वाटू लागलं. दर वर्षी खिशातल्या डायरीच्या पहिल्या पानावर मी एक वाक्य लिहू लागलो. १९५९ चं वाक्य होतं, कोणाचं काही घेऊ नये. ते जूनमध्ये खोडलं, कारण सुमन तापाने आजारी पडली तेव्हा शेजारणीचं दूध आम्ही सात दिवस घेतलं आणि ती पैसे घेईना. १९६० चं वाक्य बाचंच होतं, मागे पाहू नये. मोटार थांब्याची हकीगत वर लिहिलीच आहे, तेही खोडलं. १९६१ साली मी लिहिलं, नियम सर्वांना सारखा. हे मात्र मला पक्कं वाटलं. ते शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि पुढच्या वर्षी नव्या डायरीत तसंच उतरवलं.

शेर जाऊन किलो आला तेव्हा गावोगावची वजनं तपासायला माणसं कमी पडू लागली. १९६१ च्या अखेरीस मला हंगामी निरीक्षक केलं. महिन्यातले वीस दिवस बाहेर. आज अकोट, परवा मुर्तिजापूर, तिथून अमरावती, मधेच वरूडकडे शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बाजारात. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात काटा आणि सरकारी वजनांची सागवानी पेटी. पेटीत प्रत्येक वजनाला त्याच्या आकाराचा खड्डा होता. पितळी वजनं, हाताचा घाम लागू नये म्हणून रुमालाने धरून उचलायची. त्यांच्याशी ताडून लोकांची वजनं खरी की खोटी ते ठरायचं. माझ्या हातात ती पेटी दिली तेव्हा मी ती पहिल्या दिवशी घरी नेऊन, बा गावी होता म्हणून, त्याच्या फोटोसमोर ठेवली होती. शांता हसली होती.

त्या पेटीत एक किलोचं वजन खड्ड्यात सैल बसे. मोटार हलली की आतून टकटक करी. छोट्या गाडीत तर ती टकटक थांबतच नसे. आधीच माझं चित्त जागेवर नाही, त्यात मांडीवर ही टकटक. शेवटी एप्रिल १९६२ मध्ये मी एका शिंप्याकडून हिरव्या बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तुकडा आणला, खड्ड्याच्या मापाचे दोन गोल कापले, आणि एकावर एक ठेवून डिंकाने खड्ड्याच्या तळाला चिकटवले. वजन घट्ट बसलं. आवाज बंद झाला. फार समाधान वाटलं. हे करताना मी कोणाला विचारलं नाही आणि केल्यावर कोणाला सांगितलं नाही.

मे महिन्यात अंजनगाव सुर्जीच्या आठवडी बाजाराची पाळी आली. त्या दिवशी ऊन असं होतं की पेटीची कडी हाताला चटका देत होती. मी चिंचेखाली टेबल मांडलं, काटा लावला, रिकामी पारडी बरोबर करून घेतली, आणि एकेकाला बोलावलं. पहिल्या चौघांचे किलो चार-चार ग्रॅम कमी भरले. पाचवी आली ती गिरजाबाई. पन्नाशीची विधवा बाई, वाळल्या मिरच्यांचं दुकान. वर्षाची मिरची लोक त्याच दिवसांत भरतात, त्यामुळे तिच्यापुढे दोन पोती आणि गिऱ्हाइकांची रांग होती.

तिचाही किलो चार ग्रॅम कमी.

"असं कसं होईन, साहेब?" ती म्हणाली. "माया किलो नवा हाय. अकोल्याहून आनला. छाप पाहा ना त्याच्यावर."

मी पुन्हा तोलला. पुन्हा चार ग्रॅम. तिसऱ्यांदा तोलला.

"छाप आहे, पण वजन कमी आहे. झिजलं असेल, किंवा घासलेलं असेल."

"म्हनजे मी घासला म्हनता?" तिने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला. "अन् तुमचा किलो कोन तपासते?"

लोक जमले. शेजारच्या दुकानाचा तंबाखूवाला हसला.

"हा सरकारी किलो आहे, बाई."

"सरकारी हाय म्हनून त्याले काई होत नाई काय? माया किलोले तुमी पाहून रायले, तुमच्याले कोन पाहून रायलं?"

आता सगळेच हसले. मला राग आला. राग आला की मी फार शुद्ध मराठी बोलतो, ही सवय अजून गेलेली नाही. मी त्या शुद्ध मराठीत तिला समजावलं की जागेवर पंधरा रुपये तडजोड रक्कम भरता येईल, नाहीतर खटला होईल. वजन जप्त होईल. आणि नवं छापाचं वजन येईपर्यंत तोलून विक्री करता येणार नाही. तिच्याजवळ नऊ रुपये होते. सहा तंबाखूवाल्याने दिले. पावतीवर तिने अंगठा उठवला. रांगेतली गिऱ्हाइकं एकेक करून दुसऱ्या दुकानाकडे सरकली, आणि जाता जाता एकजण म्हणाला, "चला बाप्पा, हे तं चार ग्रामवाली निघाली." मी ते ऐकलं. मला ते योग्यच वाटलं. नियम सर्वांना सारखा.

दिवसभरात एक किलोची अकरा वजनं जप्त झाली.

परतीच्या छोट्या गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. ती गाडी अशी चालते की माणसाने उतरून लघवी करून पुन्हा चढावं, असं लोक म्हणतात. ऊन कलतं होतं, शेतं नांगरून काळी पडली होती. मी अहवालाचं कोष्टक भरायला घेतलं. नाव, वजन, तूट. पहिला, चार ग्रॅम. दुसरा, चार ग्रॅम. खाली खाली लिहीत गेलो आणि अकराव्या ओळीला पेन्सिल थांबली. आकड्यांत मला सहसा कोणी फसवू शकत नाही. अकरा दुकानदार, त्यातले काही नवे, काही जुने, कोणी मिरचीवाला, कोणी गुळाचा व्यापारी. हे सगळे अगदी सारख्याच चार ग्रॅमने बेइमान कसे? मागची पानं उलटली. बारा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका गावी याच पेटीने तपासणी केली होती. तिथे कोणाची तूट शून्य, कोणाची एक, एकाची अकरा. माणसं अशीच असतात. एका ओळीत चार-चार उभी नसतात.

मी मांडीवर पेटी उघडली. किलोचं वजन रुमालात धरून उचललं आणि उलटं केलं. तळाला हिरवी बनात. त्या उन्हात डिंक वितळून दोन्ही गोल वजनाला चिकटले होते आणि वजनाबरोबर पारड्यात चढत होते. खड्ड्याचं लाकूड उघडं होतं. दिवसभर ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण वजन बाहेर काढल्यावर खड्ड्याकडे कोण पाहतं?

गाडी चालूच होती. समोर एक म्हातारा माणूस केळी खात होता, त्याने विचारलं, "काय झालं जी? काई मेलं काय पेटीत?" मी नाही म्हणालो.

काय झालं ते मला पुरतं कळत होतं. बनात नखाने निघाली असती. डिंक रॉकेलच्या फडक्याने पुसला असता, म्हणजे पुरावा संपला. त्याच महिन्यात माझ्या कायम होण्याचे कागद अमरावतीला वरिष्ठ साहेबांकडे गेले होते. घरी शांता, सुमन आणि चार महिन्यांचा अशोक. आणि त्याहून मोठी एक भीती होती, ती तुम्हाला वेगळी सांगायला नको. चूक माझी एकट्याची असली तरी ती माझ्या एकट्याच्या नावावर लिहिली गेली नसती. कार्यालयात आपल्या वस्तीतला मी एकटाच निरीक्षक होतो. माझ्यामागे दोन मुलांनी अर्ज केलेले होते. "हे असेच," एवढे दोन शब्द कोणी म्हटले असते, की त्यांचेही अर्ज गेले असते.

दुसऱ्या बाजूला एक बाई होती. तिच्या हंगामाचे दिवस चालू होते आणि तिला गावासमोर चोर ठरवून मी गाडीत बसलो होतो.

डायरीचं पहिलं पान काढलं. नियम सर्वांना सारखा. नियम ठीक होता. तो मी अकरा जणांना लावला आणि बाराव्याला, म्हणजे मला, लावायचा विसरलो. गाडी कुठल्याशा लहान स्टेशनात थांबली होती आणि इंजिन पाणी पीत होतं. मी दोन रेघांखाली पेन्सिलने लिहिलं, आधी आपलं तपासावं. एवढंच. लिहून बरं वाटलं असं खोटं सांगणार नाही.

मुर्तिजापूरला गाडी बदलून अकोल्याला घरी आलो. शांताने पेटी उघडी पाहिली, वजन पाहिलं, आणि साधेपणाने म्हणाली, "हे चिकटलं काय? गरम पानी देतो, निघून जाईन."

"नको. राहू दे."

"काहून?"

मी सांगितलं. ती अशोकला पाजत होती. तिने त्याला दुसऱ्या कुशीवर घेतलं. मग म्हणाली, "साहेबाले सांगान तं नोकरी जाईन?"

"जाऊ शकते."

"अन् नाई सांगतलं तं?"

"कोणाला कळणार नाही."

"तुमाले कळन ना," ती म्हणाली, आणि लगेच तिला राग आला. "मले काहून सांगतलं मंग? आता मलेबी झोप नाई येनार. मस्त एकटे बसले असते घेऊन!" सकाळी मात्र तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात ते वजन बनातीसकट बांधून दिलं, आणि गाठ अशी मारली की साहेबांना ती सोडायला दोन मिनिटं लागली.

अमरावतीचे आमचे साहेब पुण्याकडचे. आमची बोली त्यांना अंगावर आल्यासारखी वाटे, पण माणूस नीट. त्यांनी बनात चाकूने सोडवली, छोट्या काट्यावर ठेवली आणि म्हणाले, "तीन ग्रॅम नऊशे मिलिग्रॅम. तायडे, तुम्ही शंभर मिलिग्रॅम जास्तच लिहिलेत." मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलं असतं का?"

"नाही, साहेब."

"मग सांगितलंत का?"

"त्या बाईंनी विचारलं होतं, साहेब. माझा किलो कोण तपासतं म्हणून. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

त्यांनी चष्मा परत लावला. चपराशाला चहा सांगितला, माझ्यासाठीही. पण पुढे जे व्हायचं ते झालंच. लेखी ताकीद मिळाली, कायम होणं एक वर्ष लांबलं, एक वेतनवाढ थांबली, आणि नजरेखाली राहावं म्हणून माझी बदली अमरावतीला केली. अकराही प्रकरणं रद्द झाली. अर्ज केलेल्या दोन मुलांपैकी एकाला जागा मिळाली, दुसऱ्याला नाही. ज्याला मिळाली नाही त्याचं कारण मला कधी कळलं नाही, आणि त्याच्या वडिलांसमोर मी आजही सरळ उभा राहू शकत नाही.

जप्त वजनं परत करण्याचा हुकूम निघायला चार बाजार गेले. मी पाचव्या बाजाराला अंजनगावला गेलो. गिरजाबाईचं दुकान होतं तिथेच होतं, पण पोतं एकच आणि समोर कोणी नाही. ती मिरच्या वाट्याने विकत होती, ढीग करून. मी वजन तिच्यापुढे ठेवलं आणि हळू आवाजात सांगायला लागलो.

"थांबा," ती म्हणाली. "तवा बजारात बोलले, तं आता बजारातच बोला. मले एकटीले सांगून काय होते?"

मी उभा राहिलो आणि बोललो. मोठ्याने बोलायची मला सवय नाही. सांगितलं की गेल्या महिन्यात माझ्याच वजनाला चार ग्रॅम बनात चिकटली होती, ती मीच बसवली होती, आणि या अकराही जणांची वजनं बरोबर होती. नावं वाचली. शेवटचं नाव तिचं.

मग तंबाखूवाला ओरडला, "म्हनजे साहेबाचाच किलो लठ्ठ झाला होता!" सगळा बाजार हसला. मागून कोणीतरी माझ्या जातीबद्दल काहीतरी म्हणालं. तेही हसण्यातच गेलं. पण मला ऐकू आलं आणि गिरजाबाईलाही.

"हसू नका रे," ती त्यांच्याकडे वळली. "तुमी तं मले एक महिना चार ग्रामवाली म्हनत होते. यानं येऊन सांगतलं तरी. तुमच्यातलं कोन आलं सांगाले?"

मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. "पंधरा रुपये सरकार देईन. ते ठीक. माये चार बजार गेले, त्याचं काय?"

"त्याची सरकारात तरतूद नाही."

"मिरचीच्या दिवसात बजाराले दहा सुटते मले. चार बजाराचे चाळीस. सरकारात नाई तं कोनाकडं हाय तरतूद?"

मी म्हणालो, माझ्याकडे आहे, पण एकदम नाही.

"तं हप्त्यानं देजा. अन् हे दान नोका समजू. हिशेब हाय."

आम्ही तेव्हा अमरावतीत एखादी लहान जागा घ्यावी म्हणून पैसे बाजूला टाकत होतो. चाळीस रुपये त्यातून जाणार हे शांताला सांगितल्यावर ती म्हणाली, "घ्या काढून. तुमचा पाय तसाही एका ठिकानी टिकत नाई, जागा घेऊन काय करता?" बोलली रागाने, पण डबा तिनेच उघडला.

पुढे गावी गेलो तेव्हा ही हकीगत बाला सांगितली. मला वाटलं होतं तो नोकरीबद्दल विचारील. त्याने विचारलं, "लोक काय म्हनले?"

"हसले."

"हसू दे." बराच वेळ तो तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "शिवेच्या एका वादात मी चुकीचा धोंडा दाखवला होता. वीस वर्षं झाली. तवा मले तोच खरा वाटला. मंग ध्यानात आलं. सांगतलं नाई कोनाले." पुढच्या आठवड्यात तो त्या दोन्ही घरी जाऊन आला, हे गावाला माहीतच आहे. त्या घरांत नंतर काय झालं तेही माहीत आहे. मी ते इथे लिहीत नाही. पण हे सगळं लिहायची परवानगी मी बाकडून घेतली आहे.

आज मी चाळिशीला टेकलो. अमरावतीत आल्यापासून तीन घरं बदलली, म्हणजे गाव सोडल्यापासून पाच. जागा अजून घेतली नाही. मन शांत झालं असंही नाही. बदलीचा हुकूम निघणार असं नुसतं कानावर आलं तरी मी पेटीची कडी तपासायला उठतो. रविवारी शांता आजही विचारते, मोटार थांब्यावर कशाला गेले होते. फरक एवढाच झाला आहे, की डायरीचं पहिलं पान मी त्यानंतर बदललं नाही. दर वर्षी तेच वाक्य उतरवतो. बाहेर जाताना त्याचा फार उपयोग होतो असं वाटत नाही; परत येताना होतो.

घर कशाला म्हणावं, हे मला गाव सोडताना ठाऊक होतं असं वाटे. ते अडीच कोसांवर होतं, तिथे माय होती, तिथे मी मोजलेली ज्वारी होती. आता वाटतं, घर म्हणजे जिथे माझं कोणीतरी बिनदिक्कत तपासतं, चूक निघाली तर तोंडावर सांगतं, आणि तरी जेवायला वाढतं. गावी तसं एक घर आहे. इथे अमरावतीत, पत्र्याऐवजी कौलं असलेल्या दोन खोल्यांत, एक आहे. सुमन आता माझ्या बाजाराच्या यादीची बेरीज करते आणि चूक सापडली की चारचौघांत ओरडते. ज्यांना बाहेर पडून अजून घर सापडलं नसेल त्यांनी खोल्या बदलत बसण्याआधी, आपल्याला असं कोण सांगतं, ते पाहावं. तुमच्यापैकी जे गावी राहिले, त्यांना माझ्याकडून एवढंच सांगणं आहे, की आम्ही सणाला येतो तेव्हा आम्हाला पाहुण्यासारखं वागवू नका. आमचंही काही चुकत असेल ते सांगत जा.

दंडाचे पंधरा रुपये सरकारी तिजोरीतून परत यायला सात महिने लागले. चाळीस रुपयांचे मी चार हप्ते केले होते. शेवटचे दहा रुपये मार्च १९६३ मध्ये, मिरचीचा नवा हंगाम सुरू झाला तेव्हा, अंजनगाव सुर्जीच्या बाजारात दिले. तिथे रांग होती. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर गिरजाबाईंनी नोट उलटसुलट करून पाहिली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुले किती पायजे?" एकूण दिले रुपये चाळीस, गिरजाबाई यांना. बाकी काही नाही.